कडू तोंडाचा बंदोबस्त

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
उठलो तर तोंड कडू. साधं कडू नाही, रात्रभर गालात जुनं पितळी बटण धरून झोपल्यासारखं. चहा घेतला, तोही कडू. शेवंताला म्हणालो, आज साखर विसरलीस. तिने माझ्याच कपातला घोट घेऊन बघितला. म्हणाली, चहाला काही झालेलं नाही, जे झालंय ते तुम्हाला झालंय.
पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराशी बायकोने बोलायची ही पद्धत.
लक्ष द्यायचं नाही असं ठरवलंय. लक्ष दिलं की दुखणी शेफारतात. दोन दिवसांत तोंड आपोआप लाइनीवर येईल.

३ डिसेंबर
आलं नाही.
एरवी मी फिकीर केली नसती, पण काला अंबचा, म्हणजे पानिपतच्या लढाईचा दिवस जवळ येतोय. १४ जानेवारीला आमच्या मराठी मंडळाची बस नोएडाहून पानिपतला जाते. स्मारकाला नमस्कार होतो, पोवाडा होतो, मग तिथेच बाजूला आमटी-भाताचं जेवण. आमटी माझी. काळा मसाला मी घरी भाजतो, पातेलं मी चढवतो, वाढायचं वगराळं माझ्याच हातात. मंडळात दुसऱ्या कुणी त्या वगराळ्याला हात लावलेला नाही.
मुलाच्या, युवराजच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून पार्सलं घेण्याखेरीज मला कुणी काम सांगत नाही. वर्षात तेवढ्या एका दिवशी माणसं ताटं घेऊन माझ्यासमोर रांगेत उभी राहतात. त्या दिवशी जीभ ड्यूटीवर हवी. चाखल्याशिवाय मीठ कसं कळणार.
निर्णय: कारण मीच शोधणार. इथे डॉक्टर आधी रक्त काढतात आणि मग विचारतात की काय होतंय.

५ डिसेंबर
कारण सापडलं. हवा. दिल्लीची हवा या महिन्यात चमच्याने खाता येईल इतकी दाट असते. ती तोंडातून आत जाते, जिभेवर बसते. सरळ हिशेब आहे.
उपाय: मास्क, चोवीस तास. झोपतानासुद्धा.

६ डिसेंबर
मास्क लावून झोपल्याने तोंड जास्त कडू. शिवाय शेवंता घाबरून उठली. म्हणाली, मला वाटलं दवाखान्यात आहोत.

८ डिसेंबर
सेक्टरच्या पार्कात चड्ढाजी भेटले. बँकेतून रिटायर झालेत, पण सगळा ओढा वैद्यकीकडे. मला जीभ बाहेर काढायला लावली, मान हलवली आणि म्हणाले, भाईसाहब, ये तो लिवर है, बिल्कुल लिवर. गेटबाहेर सकाळी एक जण टेबल मांडून रस विकतो. कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचा. चड्ढाजींनी स्वतःच्या हाताने मला कारल्याचा ग्लास दिला.
प्यायलो. कडू होता, पण औषधी कडू. माझ्या तोंडातला कडू बिनकामाचा आहे. दोन्हींतला फरक मला लगेच कळला, म्हणजे जीभ तशी शाबूत आहे.
रोज घेणार.

११ डिसेंबर
तोंड सकाळभर कडू. दुपारीही. कारल्याचा रस आत काम करतोय.
सोबत कडुनिंबाची काडीही सुरू केलीय. दात घासून झाले की ती चघळायची. अर्पिता, म्हणजे आमची सूनबाई, म्हणाली, आबा, तोंड कडू आहे म्हणून तुम्ही सगळं कडूच का खाताय? ती कंपनीत एचआर बघते. शरीराचं शास्त्र तिला कुठून ठाऊक असणार. रागावलो नाही. तिला शांतपणे समजावलं की शत्रूला त्याच्याच हत्याराने मारायचं असतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

१३ डिसेंबर
अर्पिताने विचारलं, दातांचं काही नसेल ना? मी म्हणालो, दात ठणठणीत आहेत, सगळे माझे स्वतःचे. वरचे चार विकत घेतलेत, पण बिल मी भरलं, तेव्हा तेही माझेच. तारेची कवळी आहे, घट्ट बसते. बसवणाऱ्याने सांगितलं होतं, रात्री काढून पाण्यात ठेवा, रोज ब्रशने घासा. ते सामान्य माणसांसाठी. उद्या घरात चोर शिरला आणि मी बिनदातांचा "कोण आहे रे" म्हणून ओरडलो, तर चोर हसून बसेल. फौजी माणूस गस्तीवर पट्टा सोडत नाही.
विषय तिथेच संपवला.

१५ डिसेंबर
आज नात जवळ आली नाही. शिवांजली तिसरीत आहे. रोज शाळेतून आली की माझ्या मांडीवर बसून मोबाइलमध्ये मांजरं दाखवते. आज लांबून दाखवली. मी म्हटलं, जवळ ये. तर म्हणाली, आबा, पहले तोंड उधर करा ना.
मराठी बिघडलंय पोरीचं. युवराजला सांगायला हवं, घरात हिंदी फार होते.

१८ डिसेंबर
नवा संशय: स्टीलचे पेले. अर्पिताने दिवाळीत नवीन आणले. स्टील आतून सुटतं म्हणतात. मी काचेच्या ग्लासातून प्यायला लागलो. मग चमचे आठवले. लाकडी चमच्याने जेवलो. मग ताट. पत्रावळी नोएडात मिळत नाहीत, थर्माकोलच्या प्लेटमध्ये जेवलो.
युवराज ऑफिसातून आला, माझी प्लेट बघून विचारलं, आबा, घरात पार्टी आहे का?
तोंड कडू. वर थर्माकोलचा वास.

१९ डिसेंबर
जयदीपचा फोन. जयदीप मंडळाचा सेक्रेटरी, पुण्याचा, आयटीतला. पोरगा नम्र आहे पण डोळा वगराळ्यावर आहे. म्हणाला, काका, या वर्षी बसमध्ये नवीन मेंबर्स खूप आहेत, कमिटीचं म्हणणं एकदा ट्रायल घेऊ या, नाहीतर वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाऊन पुढे जाऊ, तुम्हालाही आराम.
आराम. माझ्यासमोर कुणी हा शब्द काढला की समजायचं खुर्ची ओढायला आलाय.
मी म्हणालो, बेशक ट्रायल घ्या. रविवारी घरी या. माझ्या आमटीला ट्रायलची भीती नाही. मागच्या वर्षी ती खाताना दिल्लीतल्या मुनिरक्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गावची आठवण आली असेल बिचारीला. आणि सगळे दोन-दोनदा दही मागून घेतात. आमटी दह्याने खुलते, हे जाणकारालाच कळतं.

२० डिसेंबर
मसाला भाजला. माझी पद्धत फौजेतली. मी राशनच्या स्टोअरला होतो, लंगरात रोज उठबस, बघून बघून शिकलो. धणे, खोबरं, मिरची आणि मूठभर मेथ्या एकदम कढईत, आच मोठी. धूर निघाला की थोडा वेळ आणखी. बायका एकेक जिन्नस वेगळा भाजत बसतात. त्यात वेळ जातो.
आज धूर जास्त झाला. छतावरची धुराची घंटा वाजली. गार्ड धावत वर आला, दारात उभा राहून विचारतोय, अंकलजी, कुछ जल रहा है क्या? मी म्हटलं, मसाला है. तो म्हणाला, अच्छा, आणि नाक धरून निघून गेला. सर्दी असावी.

२१ डिसेंबर, रविवार. रात्री.
थोडक्यात लिहितो.
आमटी चाखली, कडू. तोंडच कडू, तेव्हा आमटीचा दोष नाही हे मला ठाऊक. अंदाजाने गूळ घातला. चाखली. कडू. आणखी गूळ. असं करत डबा संपला. चिंच वाढवली, कारण गुळाला चिंच लागते. मग चिंचेला मीठ लागतं.
जयदीप आला, सोबत खजिनदार क्षिप्राताई. दोघांनी एकेक घास घेतला. क्षिप्राताईने पाण्याचा ग्लास उचलला तो खाली ठेवलाच नाही. जयदीपने फार जपून विचारलं, काका, ही आमटी आहे की आधी काही गोड ठेवलंय?
युवराज खोकला. शेवंता आत निघून गेली.
मी तोंडाचं सगळं सांगितलं. हवा, लिवर, स्टील. जयदीप म्हणाला, काका, तब्येत पहले, नाही का? पण शेवटी एक संधी दिली. ११ जानेवारीच्या रविवारी पुन्हा येणार. तेव्हा जमलं नाही तर पराठे.
पानिपतला जाऊन पराठे. पराठे खायला बस कशाला हवी, खाली दुकान आहे.

२४ डिसेंबर
युद्धपातळीवर उपाय. पहाटे तिळाचं तेल तोंडात घोळवणं. नंतर मिठाचं पाणी. नंतर त्रिफळा. नंतर तांब्याच्या पट्टीने जीभ खरवडणं. नंतर कारलं. नंतर निंबाची काडी. सगळं होईपर्यंत दहा वाजतात आणि नाश्ता थंड होतो.

२५ डिसेंबर
तेल तोंडात असताना कुरिअरवाला आला. ओटीपी विचारतोय. मी बोटांनी आकडे दाखवले. त्याला कळेना. मग बोललो.
त्याचा शर्ट अर्पिताने पुसून दिला.

२७ डिसेंबर
जीभ इतकी खरवडली की आता तिखट लागत नाही, झोंबतं. पण कडू मात्र व्यवस्थित लागतं. जिभेवर ज्या भागाला कडू कळतं तेवढाच माझ्याकडे चालू राहिलाय.
चड्ढाजींनी आज निदान बदललं. लिवर नाही, म्हणे टेन्शन. मी म्हणालो, टेन्शन कसलं, मला काही काम आहे का. त्यावर ते म्हणाले, वही तो.
त्यांच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

२९ डिसेंबर
शेवंताने गाजर हलवा केला. लाल दिल्ली गाजरं, खवा, सगळं. सगळे गप्प बसून खात होते, म्हणजे झकास झाला असणार. मला गाजराच्या ओल्या मातीची चव आली, तीही कडू. मी वाटी संपवली. शेवंताने विचारलं, कसा झालाय? म्हटलं, चांगला.
ती म्हणाली, माझं तोंड बघून बोलताय, खाऊन नाही. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच तुमचं खोटं पकडल्याचं वाईट वाटतंय.
 आज फार वैतागलोय. कडू लागतं याचा राग नाही, गोड गोड लागत नाही याचा आहे. ११ तारीख जवळ येतेय, नात लांबून बोलते, आणि मी घरात सकाळपासून चुळा भरत फिरतोय.

२ जानेवारी
अर्पिताला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि एकटीला भीती वाटते म्हणाली. तरणीताठी बाई, ड्रिलला घाबरते. सोबत गेलो. घरातल्या मोठ्या माणसाने एवढं करायलाच हवं.
तिथे माझंच नाव पुकारलं. रिसेप्शनवाल्याची गफलत असावी. पण नाव पुकारल्यावर फौजी माणूस बसून राहत नाही. उठलो.
डॉक्टरीणबाई तरुण, हसरी. म्हणाली, अंकल, मुँह खोलिये. खोललं. हसू गेलं. कवळी काढायचा प्रयत्न केला, निघेना. मग तिने आणि नर्सने, दोघींनी धरली. निघाली. बाईंनी ती लांब धरून बघितली आणि विचारलं, आखिरी बार कब निकाली थी? मी म्हणालो, दिवाळीत. तिने विचारलं, कौन सी?
अर्पिता भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.
बाईंनी समजावलं. कवळीच्या खाली अन्न साचून सगळं आंबलंय, हिरड्या सुजल्यात, टाळूवर बुरशी धरलीय, चव तिथून येते. औषध लिहून दिलं. रात्री कवळी काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. हवा नाही, लिवर नाही, स्टील नाही.
मला कवळीचा संशय पहिल्या दिवसापासून होता. फक्त बाकीची कारणं आधी तपासून बाद करायची होती. शोध असाच लावतात.

५ जानेवारी
कवळी रात्री ग्लासात. सकाळी शेवंताने तोच ग्लास भाजी धुवायला उचलला. आरडाओरडा झाला. नवीन ग्लास आणला, त्यावर युवराजने इंग्रजीत "आबा" लिहिलं.

८ जानेवारी. सकाळी.
चहा गोड.
पुन्हा लिहितो. चहा गोड. आलं कळलं, वेलची कळली, आणि शेवंता वेलची साल न काढताच घालते हेही कळलं. तिला सांगितलं. म्हणाली, आजारी होता तेच बरं होतं.
पार्कात रसवाल्याला हात जोडले. कारलं बंद. शिवांजली मांडीवर येऊन बसली, मांजरं दाखवली. एक मांजर पियानो वाजवतं. मला फार आवडलं.
आता ११ तारखेला जयदीपला आमटी काय असते ते दाखवतो.

१० जानेवारी
मसाला भाजला. तीच पद्धत. या वेळी घंटा वाजायच्या आधी अर्पिताने खिडक्या उघडल्या. हुशार आहे पोरगी.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.
सकाळी लवकर पातेलं चढवलं. तूरडाळ मऊ, फोडणी खमंग, मसाला मुबलक. उकळी आली. चमच्याने घेतली, फुंकली, चाखली.
कडू.
 दुखणं उलटलं असं वाटलं. कवळी काढली, घासली, पुन्हा घातली. चाखली. कडू. डब्यातला गूळ तोंडात टाकला. गोड. आमटी. कडू. साखर. गोड. केळं. गोड. आमटी. कडू. डॉक्टरीणबाईंना फोन लावणार होतो, पण रविवार.
शेवंताला हाक मारली. म्हटलं, चाख जरा, काहीतरी चुकलंय. तिने पळीत घेतली, प्यायली, आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, काही चुकलं नाही. नेहमीसारखीच झालीय.
मी विचारलं, नेहमीसारखी म्हणजे?
म्हणाली, म्हणजे नेहमी होते तशी. मेथ्या जळतात हो. पहिल्यापासून जळतात.
गॅस बंद केला. अर्पिता आली. तिलाही विचारलं. ती म्हणाली, आबा, भाताबरोबर दही असतं ना, लागते छान. मग तिलाच ते ऐकून कसंतरी झालं. म्हटलं, कुणी बोललं का नाही? शेवंता म्हणाली, कुणाला तोंड आहे बोलायला. थंडीत पहाटे उठून एवढं पातेलं घेऊन येता, एकेकाचं नाव घेऊन वाढता, पोरांना आधी देता. लोक माणसाकडे बघून जेवतात.
खरं म्हणजे एवढी वर्षं मीही ती चाखूनच वाढली. स्वतःची होती म्हणून मला ती कडू लागली नसावी.
कमिटी दुपारी बारा वाजता येणार होती. अर्पिताने दुसरी डाळ लावली. खोबरं वेगळं भाजलं, धणे वेगळे, मेथीचे दाणे चिमूटभर, मंद आचेवर, लालसर झाले की लगेच उतरवले. मी शेजारी उभा राहून बघत होतो. एकेक जिन्नस भाजायला फार वेळ लागतो असं मी म्हणायचो. फारसा लागला नाही.
जयदीप आणि क्षिप्राताई आले. खाल्लं. पुन्हा वाढून घेतलं. जयदीप भातात बोटं घालून खात होता, आयटीवाला असून. म्हणाला, काका, मानलं, तब्येत एकदम ओके झाली, आमटी पास.
गप्प बसलो असतो तर वगराळं हातातच होतं. जयदीपला मुळी शंकासुद्धा आली नव्हती. शेवंता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आमटी अर्पिताची आहे. माझी त्या दुसऱ्या पातेल्यात आहे, पाहिजे तर चाखा.
कुणी चाखली नाही.
अर्पिताला सांगितलं, चौदाला तूच कर आणि तूच वाढ. ती नको म्हणाली. मी ऑर्डर म्हणून सांगितलं. तिच्या ऑफिसात याला प्रमोशन म्हणतात, तेव्हा यात मला कमीपणा नाही. सीनियर माणसाने योग्य वेळी चार्ज द्यायचा असतो. हे मी मनापासून लिहितोय.
जयदीपने जाताना दारात चपला घालत विचारलं, मग काकांकडे काय देऊ? 

१४ जानेवारी. पानिपतहून परत.
धुकं इतकं की बस उशिरा पोचली. काला अंबला गारठ्यात उभं राहून नमस्कार केला. दिल्ली छावणीतून आलेल्या एका मराठी जवानाने पोवाडा म्हटला, चांगला म्हटला.
मग जेवण. अर्पितासमोर रांग लागली. नवीन पोरं पहिल्यांदा बेताने घ्यायची, मग ताट घेऊन परत यायची. जुनी माणसं आधी पातेल्यात डोकावायची, मग माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो, घ्या म्हणून. शेवटी पातेलं तिरपं करून वाढावं लागलं. असं आजवर झालं नव्हतं. दही उरलं.
मुनिरक्याची ती विद्यार्थिनी या वर्षीही आली होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. दोनदा भात घेतला.
माझ्याकडे पाणी दिलं होतं. पाण्याचा जग घेऊन ओळीने फिरलो. एकेकाचं नाव घेऊन वाढलं, पोरांना आधी दिलं. पाण्याला कुणी नाव ठेवलं नाही.